धुराची हजेरी

आमचे मालक काजूचा कारखाना चालवायचे आणि शेंगदाणे खायचे. सदऱ्याच्या डाव्या खिशात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी कायम असायची आणि बोलता बोलता दोन दाणे तोंडात जायचे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत यावर पुष्कळ हसणं व्हायचं. कामाला लागल्यावर न राहवून मी एकदा विचारलंच. म्हणाले, "अरे मेल्या, धंद्यातला माल तोंडात टाकला की माणूस आपलंच गिऱ्हाईक होतो. आणि आपल्यासारखं वाईट गिऱ्हाईक नाही. तक्रारच करत नाही."

असली वाक्यं ते येताजाता फेकायचे. निम्मी मला पटायची नाहीत. उरलेली पटायची, पण मी तसं दाखवायचो नाही, कारण एकदा मान डोलावली की तेच वाक्य पुढे आठवडाभर ऐकावं लागे.

मी मुंबईत एका कापड गिरणीत बॉयलरवर होतो. संपानंतर गिरणी उघडायचं नाव घेईना, तेव्हा बायकामुलांना घेऊन रत्नागिरीला परतलो. वाफेवर काम केलेल्या माणसाला इथे कोण विचारणार? मालकांनी विचारलं. म्हणजे, "आगीची भीती वाटते का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून काजू भाजायच्या पिंपावर मुकादम झालो.

ते पिंप ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगतो. लोखंडाचं आडवं पिंप, खाली जाळ. एका तोंडाने कच्च्या बिया आत घालायच्या आणि पिंप हाताने फिरवत राहायचं. काजूच्या टरफलात तेल असतं. ते तापून पेट घेतं आणि बिया जळत जळत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात. त्यांच्यावर राख टाकायची, त्या थंड होऊ द्यायच्या, आणि मग शेडमध्ये बसलेल्या बायका लाकडी ठोकणीने एकेक बी फोडून आतला गर अख्खा काढायच्या. यात जो धूर निघतो तो काळा, चिकट आणि डोळ्यांत मिरची गेल्यासारखा झोंबणारा. धुरांडं होतं, पण वारा फिरला की धूर शेडमध्येच मुक्कामाला यायचा. बायका पदराने डोळे पुसायच्या आणि पुन्हा ठोकणी उचलायच्या.

मालकांना मात्र हा धूर फार प्रिय. रोज सकाळी ते परीटघडीचा पांढरा सदरा घालून यायचे आणि दिवसभर मुद्दाम पिंपाच्या आसपास घुटमळायचे. संध्याकाळी फाटकात हात पसरून उभे राहायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काय, लागली हजेरी?" सदरा काळवंडलेला असेल तर दिवस सार्थकी लागला. एखाद्या दिवशी तो बराचसा पांढरा राहिला तर चेहरा पडायचा आणि दुसऱ्या दिवशी मला बोलणी बसायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते सदरे धुऊन धुऊन वैतागल्या होत्या. "माझ्या नशिबी कोळशाच्या वखारवाल्याचे कपडे," असं त्या मला ऐकवायच्या. जसा काही मीच तो धूर त्यांच्या नवऱ्याला पाजत होतो.

मालकांचं घर चढावर होतं. माडीच्या गॅलरीतून वसाहत ज्या कातळाच्या माळावर होती तो सगळा सडा दिसायचा. पहाटेचा चहा घेत ते सगळ्या कारखान्यांची धुरांडी न्याहाळायचे आणि कोणाचं कसं चाललंय ते धुरावरून सांगायचे. अमक्याचा धूर विरळ झालाय, त्याला माल मिळत नाही. तमक्याचा दाट आहे, नक्की मोठी ऑर्डर आली. याला ते 'चुली बघणं' म्हणायचे. आणि सगळ्यात जास्त वेळ ते एकाच धुरांड्याकडे बघत. ते त्यांच्या मावसभावाचं.

मावसभावाचा काजूचा कारखाना रस्त्यापलीकडेच होता. दोघांनी एकाच पिंपावर धंदा सुरू केला होता, मग फाटलं. कशावरून फाटलं ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं, पण भांडण सोडायला कोणी तयार नव्हतं. मालकांनी धुरांडं हातभर उंच केलं की तो दोन हात करायचा. त्याने फाटकाला निळा रंग दिला तर आमचं फाटक हिरवंगार. बोलणं बंद, पण गणपतीत मोदकांचं ताट इकडून तिकडे जायचं आणि तिकडून इकडे यायचं. ते बायकांच्या हाती असायचं म्हणून चालू राहिलं, नाहीतर या दोघांनी मोदकांच्या पाऱ्यांवरूनसुद्धा चढाओढ लावली असती.

एके सकाळी मावसभावाच्या धुरांड्यातून धूर निघाला नाही.

मालक त्या दिवशी हसत हसत कारखान्यात आले. सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशीही धूर नाही, तेव्हा शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली, जी त्यांनी आजवर कोणापुढे धरली नव्हती. पण आठवडा होत आला तसे ते गप्प व्हायला लागले. पिंपाकडे फिरकेनात. चहा निवायला लागला. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूल विझली रे त्याची. आता मी रोज सकाळी बघू कोणाकडे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुराचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याच दुपारी त्यांनी कच्च्या बियांचं एक पोतं हातगाडीवर टाकायला लावलं, वर एक नारळ ठेवला, डोक्यावर काळी टोपी घातली आणि मला घेऊन ते समाचाराला निघाले. "पोतंभर बिया दिल्या की चूल पेटवेल पुन्हा," म्हणाले. "भाऊ आहे. मेला तरी आहे."

आम्ही निळ्या फाटकातून आत शिरलो आणि मालक जागच्या जागी थबकले. आत बायका गाणं म्हणत होत्या. कारखान्यात गाणं! आमच्याकडे तोंड उघडलं की खोकलाच यायचा. कोपऱ्यात एक छोटा बॉयलर, त्याला जोडलेली शिजवायची टाकी, आणि त्यातून वाफ फुसफुसत होती. बिया वाफेवर शिजून बाहेर येत होत्या आणि पायाने दाबायच्या कातरीने बायका त्या दोन भागांत कापत होत्या. जाळ होता, पण सुक्या लाकडांचा. त्याचा धूर रस्त्यापर्यंतही दिसत नव्हता. मी मात्र त्या वाफेच्या फुसफुसण्यानेच सुखावलो. किती दिवसांनी तो आवाज कानावर पडत होता.

मावसभाऊ धावत आला. हातगाडीवरचं पोतं बघितलं, नारळ बघितला, मालकांची टोपी बघितली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. आठवडाभर तो नुसती चाचणी घेत होता आणि बॉयलरची पूजा नेमकी त्याच दिवशी ठेवली होती. "दादा, तू पूजेला आलास! मी बोलवायला धजत नव्हतो रे," असं म्हणून त्याने मालकांना ओढत नेलं आणि थोरला भाऊ म्हणून नारळ त्यांच्याच हातून फोडून घेतला. मालकांनी नारळ असा काही आपटला की त्याचे तुकडे बॉयलरमागे जाऊन पडले. लोकांना वाटलं, काय उत्साह!

परतताना ते रस्ताभर एकच वाक्य बोलत होते. "वाफेवरचा काजू म्हणजे उकडलेला बटाटा. उकडलेला बटाटा!"

मी सांगायचं ते सांगितलं. म्हटलं, "मालक, टरफलातलं तेल आपण जाळतो आणि गावाच्या नाकात घालतो. ते त्याच्याकडे टरफलातच राहतं. तो टरफलं तेलाच्या घाण्याला विकतोय. आपणही बॉयलर लावू, मी चालवतो."

"तुझी गिरणी होती ना बॉयलरवर?" ते म्हणाले. "बंद पडली ना?"

असा राग आला होता! पण घरी खाणारी तोंडं चार होती, म्हणून तोंड मिटून पिंप फिरवायला गेलो.

पुढच्या महिन्यात मुंबईचा व्यापारी आला. आमचा माल पूर्वीपासून घेणारा सज्जन माणूस. त्याने खिशातून पांढरा रुमाल काढून टेबलावर पसरला, त्यावर आमचे चार गर ठेवले आणि शेजारी मावसभावाचे चार. त्याचे दुधासारखे, आमच्यावर करपल्याचे ठिपके. "चव तुमचीच चांगली आहे शेट," तो म्हणाला, "पण दुकानात काचेच्या बरणीत चव दिसत नाही." मालकांनी उलट मला फर्मावलं, "आणखी खरपूस भाज." हट्ट म्हणजे हट्ट.

बायकांनी डोळ्यांची तक्रार केली तेव्हाही त्यांनी पिंपाला हात लावू दिला नाही. मुंबईहून सगळ्यांसाठी काळे गॉगल मागवले. नऊवारी नेसलेल्या बायका गॉगल लावून रांगेत बसलेल्या बघून मीच पाठमोरा होऊन हसलो. आधीच शेडमध्ये अंधार, त्यात काळ्या चष्म्यातून काळी बी कोणाला दिसणार? ठोकण्या बियांऐवजी बोटांवर पडायला लागल्या. दोन दिवसांनी गॉगल घरोघरची पोरं घालून हिंडू लागली. मालक म्हणाले, "बघ, काय द्यावं तरी यांना!" आणि खरंच दुखावल्यासारखे दिसले.

या सगळ्या बायकांची म्होरकी पार्वतीबाई. पहिल्या पिंपापासून ती मालकांकडे होती. तिची ठोकणी बीवर कशी पडायची कोण जाणे, पण गर कधी तुटायचा नाही. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघून कामाला यायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघून रजा घ्यायच्या. तिची मुलगी सुरेखाही तिच्या शेजारी बसायची. सुरेखाला खेडकडचं एक स्थळ आलं. मुलगा मुंबईत नोकरीला, माणसं बरी. बघायला आले त्या दिवशी पार्वतीबाईने तिला अर्धा दिवस तरी कामाला आणलंच होतं, कारण मोठा माल उरकायचा होता आणि मालकांनी गळ घातली होती.

सुरेखा पोहे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आत्याने तिचे डोळे बघितले आणि ताट खाली ठेवलं. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. आत्याबाईंना वाटलं, पोरगी रडरड रडलीय, हिच्या मनाविरुद्ध चाललंय, हिचं मन दुसरीकडे आहे. त्या पोह्यांना हात न लावता उठल्या.

मालकांना हे कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस.टी.ने मला घेऊन त्या लोकांच्या घरी गेले. एवढ्या मोठ्या माणसाने असं जावं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. ओटीवर बसून त्यांनी परोपरीने सांगितलं की पोरगी रडली नव्हती, ते आमच्या कारखान्याच्या धुराने होतं, सगळ्याच बायकांचे डोळे असे असतात. मुलाचे काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे रोजचंच आहे होय? रडणं तरी थांबलं असतं."

येताना मालक खिडकीशी बसून होते. खिशातली पुडी तशीच राहिली.

पार्वतीबाई पुढच्या सोमवारी आली ती कामाला नाही, सांगायला. फाटकातच उभी राहिली.

"मालकानू, माज्या पोरीचा लगीन मोडला, ता पत्रिकेपायी नाय. तुमच्या धुरापायी मोडला. आमी आजपासना पलीकडं जातंव."

"त्याच्याकडे?" मालक म्हणाले. "अगं, मी काय कमी केलं तुला?"

"कमी कायच नाय केलात. जास्तीच दिलात. धूर."

"परत नाही येणार?"

तिने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. सकाळची वेळ, सदरा अजून पांढरा होता. "ज्या दिवशी सांजच्याला ह्यो सदरा असाच पांढरा दिसंल, त्या दिवशी येन," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. तिच्यामागून आठवडाभरात निम्मी शेड रिकामी झाली. भाजलेल्या बियांचे ढीग तसेच पडून राहिले. दिवाळीचा माल मुंबईला गेला नाही तर व्यापारी तुटणार आणि व्यापारी तुटला की कारखाना बंद, हे सांगायला मुकादमाची गरज नव्हती.

त्याच दिवसांत मावसभावाने मलाही निरोप धाडला. बॉयलरवर माणूस हवाय, येतोस का? मी मालकांना सरळ जाऊन सांगितलं. चोरून जाणं माझ्या स्वभावात नाही आणि थोडं घाबरवावं असंही मनात होतं.

त्यांनी पिंपाला एक फेरी मारली. मग म्हणाले, "त्याचा बॉयलर केवढा आहे?"

"आपल्याला केवढा लागेल ते विचारा."

"ते नंतर. त्याचा केवढा?"

तेव्हा मी ओळखलं, हा माणूस आता ऐकत नाही. म्हणजे, आता थांबत नाही.

कोल्हापूरला एका बंद पडलेल्या लाँड्रीचा छोटा बॉयलर होता. तो ट्रकने आंबा घाटातून उतरवला. मालक ड्रायव्हरशेजारी न बसता मागे बॉयलरजवळ बसले, नवरी घरी आणावी तसे. मावसभावाच्या बॉयलरपेक्षा मोठाच घ्यायचा यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली होती आणि त्यात मी जिंकलो, पण त्याला रंग त्यांच्याच मनासारखा, हिरवागार. बॉयलर इन्स्पेक्टरची तपासणी होईपर्यंत ते स्वतः सुकी लाकडं रचत बसायचे. पिंप त्यांनी एका सकाळी स्वतः बंद केलं. ज्या माणसाला धूर नाही म्हणजे धंदा नाही असं वाटायचं, त्याने आपलं धुरांडं आपल्या हाताने विझवलं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

पहिल्या बिया फार शिजल्या आणि गर तुटले. दुसऱ्या खेपेला कच्च्या राहिल्या. "पलीकडे विचारून येऊ का?" असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. उरलेल्या बायकांना घेऊन आम्ही रोज शिजवत होतो, रोज चुकत होतो. ते एकदाही पिंपाचं नाव काढेनात. आणि एका सकाळी टाकीतून बाहेर आलेली बी कातरीखाली नीट दुभंगली, आतून अख्खा पांढरा गर निघाला. मालकांनी तो उचलला, खिशातली शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि माझ्यादेखत पहिल्यांदा काजू तोंडात टाकला.

"उकडलेला बटाटा," ते म्हणाले. दुसरा गर उचलला. "पण बरा आहे रे बटाटा."

त्या संध्याकाळी ते फाटकात उभे राहिले नाहीत. रस्ता ओलांडून थेट फाट्यावरच्या एस.टी. थांब्यावर गेले. मी मागे. मावसभावाकडच्या बायका सुटून बसची वाट बघत होत्या. मालक पार्वतीबाईसमोर जाऊन हात पसरून उभे राहिले, रोज उभे राहायचे तसेच, पण विचारलं मात्र काही नाही.

पार्वतीबाई पुढे झाली. बाही उचलून बघितली, कॉलर बघितली, आणि वाकून चक्क वास घेतला. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या.

"ह्यो सकाळचाच कशावरना? बदलून आला नसाल कशावरना?"

मालकांनी छातीवर बोट ठेवलं. तिथे एक पिवळट-तपकिरी डाग होता. "दुपारी डब्यातलं कुळथाचं पिठलं सांडलं. बायकोने बघितलं तर ओरडेल. एरवी माझ्या सदऱ्यावर कधी पिठल्याचा डाग दिसला होता का तुला?"

पार्वतीबाई त्या डागाकडे टक लावून बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या सदऱ्यावर दुपारनंतर काळ्याखेरीज दुसरं काही दिसलं नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिचा चेहरा सैल झाला.

"येतंय उद्यापासना," ती म्हणाली. "ह्या बाकीच्याबी येतील, ज्यांना यायचा हाय त्या. पर सुरेखा हितंच ऱ्हाईल."

"का? तिला माझ्याकडे काय..."

"तसा नाय, मालकानू. मी तुमच्याकडं, ती तेंच्याकडं. ज्याच्याकडं डोळं लाल झालं, तिथली दुसऱ्याकडं जाईल. दोगी एका जागी आलाव तर तुमी दोगंबी पुन्ना धूर काडाल."

एस.टी. आली. बायका चढल्या. खिडकीतून सुरेखा बघत होती. तिचे डोळे पांढरेशुभ्र होते, आणि मला आठवतं तसं, पहिल्यांदाच मी तिचे डोळे नीट पाहिले.

बस गेल्यावर मालकांनी सकाळपासून माझ्याकडेच राहिलेली पुडी परत घेतली. "मेल्या," म्हणाले, "आपल्या कारखान्याचा मुकादम कोण, तू की ती?"

"ती," मी म्हटलं. खरं होतं ते.

ते खदखदून हसले. मग आपल्या सवयीप्रमाणे वळून सड्याकडे बघायला लागले. उजेड अजून होता. रस्त्याच्या अलीकडचं आमचं धुरांडं आणि पलीकडचं मावसभावाचं, दोन्ही स्वच्छ आभाळात नुसतीच उभी होती. ते बराच वेळ बघत राहिले, एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे.

"दोघांच्याही चुली पेटल्यात रे," ते म्हणाले, आणि दोन दाणे तोंडात टाकले.